मुलगा आहे म्हणून उशीर, मुलगी आहे म्हणून राहू दे

या वेळचं पत्र कराडच्या एका ताईंचं आहे, नाव छापू नका म्हणाल्यात. चांगलं चार पानी पत्र आहे, मी त्यातलं गरजेचं तेवढं सांगते. मुलगा दुसरीत, येत्या डिसेंबरात सात पूर्ण होतील. शाळेत खेलो इंडियाची फिटनेस टेस्ट झाली, त्यात एका पायावर उभं राहायचं होतं, ६० सेकंदांत पोरगं अकरा वेळा खाली आलं, आणि प्लेट टॅपिंग म्हणून असतं त्यात वर्गात सगळ्यात शेवटी. घरीपण शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं, डबा उघडताना भाजी सांडते, लंगडी येत नाही, लगोरीत मुलं घेत नाहीत, आणि पीटीचा तास असेल त्या दिवशी सकाळी हमखास पोट दुखतं. पीटीचे सर म्हणाले, "मुलगा आहे, मुलांना उशीरच लागतो, काळजी करू नका." सासूबाई म्हणाल्या, "याचा बाप पण असाच होता." ताई विचारतायत की मुलगा आहे म्हणून असं चालायचंच का, की काहीतरी प्रॉब्लेम आहे आणि आपण वेळ घालवतोय? आणि अगदी शेवटी ता. क. टाकलाय, "मोठी मुलगी चौथीत आहे, तिचा हात एकदम सफाईदार, रांगोळी सुंदर काढते, बॉल मात्र अजिबात फेकता येत नाही, पण ती मुलगीच आहे त्यामुळे त्याचं काही नाही."

ताई, पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या ता. क.पाशीच अडकले. कारण सरांनी तुमच्या मुलाबद्दल जे वाक्य टाकलं ना, तेच वाक्य तुम्ही तुमच्या मुलीबद्दल टाकलंय. तो मुलगा आहे म्हणून हात वळत नाही, ती मुलगी आहे म्हणून बॉल जात नाही, आणि दोन्हीकडे विषय बंद. मला तुमच्याशी याच विषय बंद होण्याबद्दल बोलायचंय, बाकीचं सगळं त्याच्या मागून येईल.

आधी एक कबुली देते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं जमायला मदत करणारी, लहान मुलांसोबतच काम करते, आणि सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका आईला हेच सांगितलं होतं. पहिलीतला मुलगा होता, पेन्सिल धरता येत नव्हती, जिन्यात पडायचा, आणि मी म्हणाले मुलांचं हाताचं काम मुलींपेक्षा जरा मागेच असतं, सहा महिने वाट बघू. ती बाई बिचारी विश्वासाने गेली ती परत आली तेव्हा मुलगा नऊचा झाला होता, वही बघितली की रडायचा आणि ग्राउंडवर जायचंच नाही म्हणायचा. वाया गेलेल्या दोन-अडीच वर्षांत किती सोपं झालं असतं ते मला आजही आठवतं. तेव्हापासून हे वाक्य मी कुणाला म्हणत नाही आणि कुणी म्हटलं तर तिथेच थांबवते.

आता तुमच्या मुलाचं वय बघू, कारण इयत्ता बघून काही कळत नाही. आपल्याकडे पहिलीला प्रवेश घेताना ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात. म्हणजे एकाच वर्गात जानेवारीचं पोर पण असतं आणि डिसेंबरचं पण. तुमच्याच्या बाकावर शेजारी जानेवारीचा मुलगा बसत असेल तर तो याच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा आहे, आणि सात वर्षांच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे आयुष्याचा सातवा-आठवा हिस्सा झाला, तुमच्या-माझ्या वयात अकरा महिन्यांनी काय फरक पडतो, काही नाही, पण सहा-सातला प्रचंड पडतो. त्या वर्गातला 'शेवटचा नंबर' बऱ्याचदा वर्गातल्या सगळ्यात लहान मुलाचा असतो आणि हे कुणी बघतच नाही, रजिस्टरमध्ये जन्मतारीख लिहिलेली असते तरी.

या वयात आत काय चाललेलं असतं ते थोडं सांगते. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या ज्या नसा असतात त्यांच्यावर एक आवरण चढत असतं, वायरीवर प्लॅस्टिक असतं तसं, त्याने निरोप वेगाने आणि न सांडता जातो. हे काम जन्माआधीपासून सुरू होतं आणि टीनएजपर्यंत चालूच असतं. डाव्या-उजव्या मेंदूला जोडणारा पूलही याच काळात पक्का होत असतो, म्हणून दोन हातांनी दोन वेगळी कामं करणं, म्हणजे एका हाताने शर्टाचं काजं धरून दुसऱ्याने बटण आत ढकलणं, हे सहाव्या वर्षी अवघड आणि आठव्या वर्षी सोपं वाटतं. बॅलन्सचं तर आणखी वेगळं. तोल सांभाळायला डोळे, कानाच्या आतला भाग आणि पायांचे सांधे-स्नायू या तिघांकडून बातमी येते. लहान मूल मुख्यतः डोळ्यांच्या भरवशावर उभं असतं, साधारण सातच्या आसपास तिघांची बातमी एकत्र वापरायला लागतं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्यात सुधारणा होत जाते. तुम्ही म्हणता मुलगा वर्गातल्या मुलांकडे बघत-बघत उभा होता आणि पडत होता, तर त्यात नवल नाही, हलणाऱ्या पोरांकडे नजर गेली की तोल गेलाच. समोर भिंतीवर एक टिकली लावून तिच्याकडे बघत उभं करा, आकडा त्याच दिवशी बदललेला दिसेल.

आणि शाळेतल्या टेस्टबद्दल. खेलो इंडियाच्या या टेस्टमध्ये पहिली ते तिसरीला वजन-उंची, एका पायाचा बॅलन्स आणि प्लेट टॅपिंग एवढंच असतं. प्लेट टॅपिंग म्हणजे टेबलावर दोन गोल चकत्या, एकमेकींपासून ६० सेंटीमीटरवर, एक हात मधे ठेवायचा आणि दुसऱ्याने दोन्ही चकत्यांना आलटून पालटून हात लावायचा, असे पंचवीस फेरे, घड्याळ लावून. टेस्ट वाईट नाही, पण टेबलाची उंची मुलाच्या छातीपर्यंत आली तर कुणीही हळूच करणार, आणि तुम्ही लिहिलंय की बॅलन्सला पट्टी नव्हती म्हणून विटेवर उभं केलं होतं आणि वीट डुगडुगत होती. त्या अकरा आकड्यावर मी काहीच ठरवणार नाही. बटणं, डबा, लंगडी आणि पोटदुखी या चार गोष्टींवर मात्र नक्की ठरवेन, कारण त्या रोजच्या आहेत.

आता मुलगा-मुलगी. फरक असतो का, तर असतो, मी खोटं कशाला सांगू. प्राथमिकच्या वयात मुली साधारणपणे हाताच्या बारीक कामात आणि बॅलन्समध्ये थोड्या पुढे दिसतात, मुलगे बॉल फेकणं, पकडणं, लाथ मारणं यात पुढे दिसतात. धावणं-उड्या यात फरक त्यामानाने कमी. जर्मनीत किफार्ड आणि शिलिंग या दोघांनी १९७४ मध्ये मुलांच्या कोऑर्डिनेशनची एक टेस्ट बनवली, केटीके म्हणतात तिला, आजही जगभर वापरतात. त्यात चार गोष्टी असतात, अरुंद पट्टीवरून उलटं चालणं (पट्टी ६ सेंटीमीटरपासून ३ पर्यंत बारीक होत जाते), एका पायावर फोमचे ठोकळे ओलांडणं, १५ सेकंदांत दोन्ही पायांनी इकडून तिकडे उड्या, आणि दोन पाटांवरून सरकत-सरकत जाणं. तर त्यांनी स्वतः मुला-मुलींचे वेगळे तक्ते फक्त दोन उड्यांच्या कामांना केले, उलटं चालणं आणि पाट सरकवणं याला दोघांचा तक्ता एकच. वयाचे तक्ते मात्र चारही कामांना आहेत. मला यातून जे दिसतं ते असं की वय आधी विचारायचं आणि मुलगा की मुलगी हे नंतर, तेही काही कामांपुरतंच.

(लंगडी आठवली की नाही एका पायाच्या ठोकळ्यांवरून? आपल्या पोरांना ही टेस्ट अंगणातच होती, खडूने आखलेली ठिकरी आणि लंगडी. बेल्जियममध्ये नंतर मुलांची हीच टेस्ट घेतली तर ती १९७४च्या मुलांपेक्षा मागे पडलेली दिसली. आपल्या गल्लीत आज किती मुलं लंगडी घालताना दिसतात ते तुम्हीच बघा, मला वाईट वाटतं.)

फेकण्याचा फरक मात्र मोठा आहे आणि तो लवकर दिसतो. जेरी थॉमस आणि कॅरेन फ्रेंच यांनी १९८५ मध्ये ६४ अभ्यास एकत्र करून बघितले, तीस हजारांवर मुलं झाली ती, आणि त्यात शाळेत जायच्या वयापासूनच फेकण्यात मुलगे बरेच पुढे होते. पण बाकीच्या बहुतेक गोष्टींत वयात येण्याआधी फरक बारीक होता आणि त्यांचं म्हणणं असं की तो मुलांना काय खेळायला देतो, कशाला शाबासकी देतो, यातून येऊ शकतो. पुढे याच थॉमसनी इतरांसोबत ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलामुलींचं फेकणं तपासलं, जिथे फेकणं ही मुलगा-मुलगी दोघांचीही परंपरा आहे, तर तिथे अंतर बाकी ठिकाणांपेक्षा कमी निघालं. संपलं नाही, पण कमी झालं.

घरी एक करून बघा. मुलाला बॉल द्या, तो उजव्या हाताने फेकत असेल तर आता डाव्या हाताने फेक म्हणा, मग मुलीलाही तेच. उजव्या हाताने फेकताना शेजारचा क्रिकेटवेडा पोरगा तुमच्या मुलीच्या कितीतरी पुढे असेल, पण डाव्या हाताने फेकायला लावलंत की तोही त्याच बाजूचा पाय पुढे टाकून, कोपर अंगाला चिकटवून, टप्प करून दोन हातांवर बॉल टाकेल. त्या हाताने त्याने कधी फेकलेलंच नसतं. मी हे पालकसभेत नेहमी करून दाखवते, आधी बाबा लोकांनाच फेकायला लावते आणि सगळे गप्प होतात.

म्हणून तुमच्या घरात कोण काय करतं ते मला सांगा. मटार कोण सोलतं? गौरी-गणपतीला वाती वळायला, मोदकाच्या कळ्या पाडायला कुणाला बसवता? तुम्ही लिहिलंय "मुलगी मदत करते, मुलगा सांडतो म्हणून त्याला लावत नाही." ताई, सांडतो म्हणून लावत नाही आणि लावत नाही म्हणून सांडतो. मुलीची बोटं चार वर्षं मटार, लसूण, रांगोळीच्या ठिपक्यांवर तयार झाली आहेत, रांगोळी ही सोपी गोष्ट नाही, चिमटीतून पीठ एका जाडीचं सोडायचं, हात उचलायचा, नजर पुढच्या ठिपक्यावर, हे सगळं एकदम. त्याला तेवढेच तास मिळाले असते तर तो तिच्याएवढा झाला असता असं मी म्हणत नाही, पण आज आहे तिथे तरी नसता.

आता काळजीचा भाग, आणि हा जरा नीट वाचा. सगळ्यात आधी त्याचे डोळे तपासून घ्या, एका डोळ्याला नंबर असेल तर बॉलचं अंतर कळत नाही आणि पोरगं उगाच बावळट ठरतं. मग घरी एक बघा, त्याला जमिनीवर मांडी घालून बसवा, आजूबाजूला धरायला काही ठेवू नका आणि खाऊ घ्यायला हाक मारा. उठताना तो हात गुडघ्यावर, मग मांडीवर असे टेकवत-टेकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो का? पोटऱ्या वयाच्या मानाने खूप जाड, घट्ट वाटतात का? जिना चढणं आधीपेक्षा जड झालंय का? यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्या, कारण डुशेन नावाचा स्नायूंचा एक आजार असतो, दुर्मिळ आहे, पण तो जवळजवळ फक्त मुलग्यांनाच होतो आणि सुरुवातीला असाच दिसतो, पडतो, हळू आहे, आळशी आहे. रक्ताच्या साध्या सीपीके तपासणीत शंका फिटते. म्हणजे बघा, मुलगा असण्याला जिथे खरंच अर्थ आहे तिथे तो 'काळजी करू नका' असा नाहीच, तर 'एकदा बघून घ्या' असा आहे. तसंच आधी येत असलेली गोष्ट आता येईनाशी झाली, किंवा शरीराची एकच बाजू कमी चालते, तर वाट बघायची नाही. तुमच्या पत्रावरून मला असं काही वाटत नाही, तुम्ही लिहिलंय की तो जिना धावत चढतो आणि मागच्या वर्षीपेक्षा बरा आहे, हे चांगलं लक्षण आहे, तरी उठताना एकदा बघाच.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी अडचण राहिली, तर डीसीडी असू शकतं, डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, काही जण डिस्प्रॅक्सिया म्हणतात. बुद्धी ठीक, स्नायू ठीक, पण हालचाल शिकायला आणि जमायला वयाच्या मानाने खूपच कष्ट पडतात, आणि त्यामुळे रोजचं जगणं अडतं. ५ ते ११ वयाच्या मुलांत ५-६ टक्क्यांना असतं असं मानतात, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघं. मुलग्यांत जास्त सापडतं, एका मुलीमागे दोन मुलगे ते सात मुलगे इतकी वेगवेगळी आकडेवारी आहे, आणि ही आकडेवारी इतकी वरखाली होते त्याचं एक कारण माझ्या अनुभवातून सांगते. मुलगा लगोरीत नापास झाला की दहा जणांना दिसतं, तो चिडतो, मारामारी करतो, सर बोलावतात. मुलगी कडेला बसून राहते. माझ्याकडे चौथीतली एक मुलगी आली होती, तीसुद्धा कुणी पाठवली म्हणून नाही, आजी स्वतःच घेऊन आली, वेणी घालायला शिकवताना आजीला कळलं की हिला तीन पेड हातात धरताच येत नाहीत. शाळेत चार वर्षं तिच्या प्रगतिपुस्तकात 'शांत व गुणी' एवढंच लिहिलेलं होतं. ती शांत नव्हती, ती घाबरलेली होती.

डीसीडीचं निदान घरी करायचं नाही आणि गूगलवर तर नाहीच. ते पाच वर्षांआधी सहसा करत नाहीत, तुमचा आता सातचा होतोय म्हणजे वय बरोबर आहे. यातल्या जवळपास निम्म्या मुलांना लक्ष न लागण्याचा, एडीएचडीचा त्रासही सोबत असतो, तेही बघावं लागतं. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, २०१३ पासून चालू आहे हे, त्यांना आवर्जून सांगा, नुसतं वजन करून जाऊ देऊ नका. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर बघणाऱ्या केंद्रात होते, पैसे लागत नाहीत.

पण तिथपर्यंत जायच्या आधी किंवा जाताजाताच, घरी तीन महिने हे करा. एकेक गोष्ट घ्यायची, सगळं एकदम नाही. आणि जी गोष्ट यायला हवी तीच करायची. लंगडी यायला हवी असेल तर लंगडीच शिकवायची, 'मेंदूचा व्यायाम' म्हणून भलतंच काही विकत मिळतं त्याच्या मागे लागू नका. कॅनडात हेलेन पोलाताजको आणि अँजेला मँडिच यांनी एक पद्धत बसवली, माझा तिच्यावर फार जीव आहे कारण ती मुलालाच विचार करायला लावते. काय करायचंय, कसं करायचंय, करून बघ, जमलं का ते बघ. चौथा प्रश्न आपण गिळतो आणि स्वतःच सांगतो "अरे असं नाही", तर ते बंद करायचं, त्यालाच विचारायचं "काय झालं रे? कुठे गेला पाय?"

लंगडी अशी घ्या. आधी ओट्याला किंवा भिंतीला दोन्ही हात लावून एका पायावर नुसतं उभं राहायचं, टिकलीकडे बघत, दहा आकडे. मग तिथेच छोट्या उड्या, आणि इथे बघायचं की गुडघा वाकतोय का. ज्यांना जमत नाही त्या मुलांचा गुडघा काठीसारखा ताठ असतो आणि टाच धपकन आपटते, आवाजावरून ओळखू येतं. त्याला म्हणा "मांजरीसारखी उडी मार, खालच्या मजल्यावर ऐकू गेली नाही पाहिजे." एवढ्यानेच गुडघा आपोआप वाकतो, "गुडघा वाकव" असं शंभरदा सांगून वाकत नाही. मग तुमचे दोन्ही हात धरून पुढे, मग एक हात, मग तुमचं एक बोट, मग खडूने गोल काढून एकटा. वर उचललेला पाय मागे धरायला सांगू नका, तो जरा झुलू दे, त्याच पायाने जोर मिळतो. रोज दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, तो कंटाळायच्या आधी तुम्ही थांबवायचं. आवडत्या पायावर आधी येईल, दुसऱ्यावर उशिरा, ते सगळ्यांचंच तसं असतं.

बटणं अंगावर लावू नका सुरुवातीला, शर्ट टेबलावर ठेवून, बटणं मोठी असलेला बाबांचा जुना शर्ट घ्या. अंगावर लावताना सगळ्यात खालचं बटण आधी, कारण ते दिसतं, गळ्याजवळचं दिसतच नाही. आणि हे सकाळी साडेसहाला रिक्षा दारात असताना करायचं नाही, रविवारी करायचं, सकाळी तुम्ही लावून द्या खुशाल. डब्याचं झाकण घट्ट असेल तर डबाच बदला, सगळ्या गोष्टी शिकवूनच सोडवायला पाहिजेत असं काही नाही. लिहायला बसताना पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट द्या, पाय टेकले की हात स्थिर होतो. आणि मटार सोलायला त्याला बसवा, मुलीला उठवा.

मुलीला उठवून बाहेर पाठवा. तिचं 'काही नाही' कसं काय ताई? नऊ वर्षांची आहे ना, तुमच्या शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या टीममध्ये निवडली गेली होती, भाऊ प्रॅक्टिसला जायचा त्याच्या मागे-मागे जाऊन शिकली ती. प्रत्येक मुलीने क्रिकेट खेळावं असं मला म्हणायचं नाही. पण बॉल येत नाही म्हणून जी मुलगी चौथीत कडेला बसते ती सहावीत-सातवीतही बसूनच राहते, आणि दहा-अकरानंतर मुलींची उंची भराभर वाढते, अंग बदलतं, लाज वाढते, तेव्हा नव्याने शिकणं जड जातं. आत्ताची दोन वर्षं सोन्यासारखी आहेत.

फेकणं शिकवायला जुना मोजा घ्या, पाण्यात भिजवून पिळा, गाठ मारा, आणि गच्चीच्या भिंतीवर मारायला सांगा. ओला मोजा भिंतीवर थप्प करून बसतो, डाग उमटतो, कुठे लागला ते दिसतं आणि लागत नाही कुणाला. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली तर नुसतं मनगट हलेल. आडवं उभं करायचं, उजव्या हाताची असेल तर डावा खांदा भिंतीकडे, हात मागे कानापलीकडे, मग डावा पाय भिंतीकडे टाकायचा आणि मग बेंबी भिंतीकडे वळवायची, हात सगळ्यात शेवटी येतो. पहिले दोन दिवस पाय आणि हात एकाच बाजूचे पुढे येतील, बोलू नका काही, डाव्या पायाला जमिनीवर खडूने पावलाचं चित्र काढून द्या, तो पाय तिथे पडला की काम झालं. जोरात मार म्हणा, नेमका मार नको, जोर आला की अंग आपोआप वळायला शिकतं, नेम मागून येतो. आणि भावाला तिच्यासोबत मोजा फेकू द्या, या खेळात दोघंही नवखे आहेत, त्यामुळे त्याला पहिल्यांदाच ताईच्या बरोबरीने उभं राहता येईल.

सासूबाई म्हणतात बाप पण असाच होता, तर ते खरं असू शकतं, अशा गोष्टी घराण्यात दिसतात. पण मग एकदा त्याच्या बाबांनाच विचारा, लहानपणी ग्राउंडवर कसं वाटायचं ते. माझ्याकडे येणारे कितीतरी बाबा लोक मुलाच्या टेस्ट चालू असताना हळूच सांगतात की मला कुणी टीममध्ये घ्यायचं नाही. त्यांनी हे मुलाला सांगितलं तर पोराला केवढा आधार होईल.

तीन महिन्यांनी बघा. बटणं, डबा, लंगडी यातलं थोडं तरी पुढे सरकलं असेल तर चालू ठेवा. जागचं हललं नसेल, किंवा तो अजून शाळेलाच नको म्हणत असेल, तर तपासणीला न्या, आणि डिसेंबरचा आहे, मुलगा आहे, लहान आहे, हे तीनही शब्द कुणी म्हटले तरी तपासणी पूर्ण करूनच या.

ता. क. पोटदुखीचं राहिलंच. तो खोटं बोलत नाही, भीतीने खरंच दुखतं पोट. सरांना भेटा, भांडू नका, फक्त एवढं मागा की त्याची पाळी सगळी रांग बघत असताना घेऊ नका, चार-चारचे गट करा म्हणजे सगळे एकाच वेळी करतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. आणि लगोरीत त्याला फेकण्याऐवजी सध्या ठिकऱ्या रचायचं काम द्या, घाईत सात चपट्या ठिकऱ्या एकावर एक ठेवणं हे त्याच्या बोटांना हवंच आहे आणि टीमलाही तो लागेल. सोमवारी पीटी असेल तर रविवारी संध्याकाळी घरीच सात बिस्किटांची लगोरी रचून घ्या त्याच्याकडून, पडली तर खाऊन टाका दोघं भावंडं मिळून.